मुलीला धर्माशिवाय वाढवलं तर ती नीतीने वागेल का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघंही देवधर्म मानत नाही, मुलगी सहा वर्षांची आहे, आणि घरातली वडीलधारी माणसं सारखी म्हणतात, "देवाचा धाक नसेल तर पोर कशी निपजेल?" यात तथ्य किती, आणि धर्मामुळे माणसं आणि समाज खरोखर जास्त नीतिमान होतात का, असं तुम्ही विचारलंय.

मी स्वतः श्रद्धाळू आहे. रोज प्रार्थना करते, त्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. तरीही माझं उत्तर तुमच्या घरच्यांपेक्षा वेगळं आहे. चांगलं काय आणि वाईट काय हे कळायला धर्म लागत नाही. पण कळतं ते वळतंच असं नाही, आणि त्या वळण्याच्या कामी धर्माची मदत होते, कधी कधी फार मोठी होते. मात्र ती मदत कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाच्या जिवावर उठते, हे ग्रंथात काय लिहिलंय यापेक्षा तो धर्म पाळणाऱ्यांनी 'आपलं' कोणाला मानलंय यावर ठरतं.

आधी मुलांचं बघू, कारण तुमची खरी काळजी तीच आहे. लॅरी न्यूची आणि इलियट ट्युरियल या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी कडक धार्मिक वळणाच्या ख्रिस्ती आणि ज्यू घरांतल्या मुलांशी बोलणं केलं; त्यात आमिश-मेनोनाइट या कडक ख्रिस्ती पंथाची मुलंही होती. प्रश्न साधे होते. रविवारी काम करू नये असा देवाने नियमच केला नसता, तर केलेलं चालेल का? मुलं म्हणाली, मग चालेल. आणि देवाने चोरीला मुभा दिली असती, तर चोरी चालेल का? यावर बहुतेक मुलांचं उत्तर होतं, नाही, तरीही ते वाईटच. कारण विचारलं तर ज्याची वस्तू जाते त्याचं नुकसान होतं, ते अन्यायाचं आहे, अशा अर्थाचं काहीतरी सांगत. म्हणजे ज्या घरात प्रत्येक गोष्ट देवाच्या नावाने शिकवली जाते, तिथल्या मुलांनाही विधी कुठला आणि नीती कुठली यातला फरक समजत होता. सॉक्रेटिसने अथेन्समध्ये हाच पेच मांडला होता: देवांना आवडतं म्हणून एखादी गोष्ट चांगली असते, की ती चांगली असते म्हणून देवांना आवडते? मुलांनी दुसऱ्या बाजूने कौल दिला, आणि श्रद्धाळू असूनही मला तोच पटतो. माझा देव उद्या कोणाला छळायला सांगू लागला तर मी म्हणेन, हा माझा देव नव्हे. हे मी कशाच्या आधारावर म्हणेन? देवाच्या आधीपासून माझ्यात असलेल्या कसल्यातरी जाणिवेच्याच आधारावर.

आता वळण्याकडे येते. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. तो प्रत्येक धार्मिक माणसाने वाचावा असं मला वाटतं. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये धर्मोपदेशक होण्याचं शिक्षण घेणारे चाळीस विद्यार्थी निवडले. प्रत्येकाला एक छोटं भाषण तयार करायला सांगितलं आणि ते द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं. निम्म्यांचा विषय होता बायबलमधली भल्या शोमरोनी माणसाची गोष्ट. वाटेत लुटलेला, मार खाऊन पडलेला एक प्रवासी. धर्माची माणसं बाजूने निघून जातात, आणि ज्याला लोक परका आणि हलका समजतात असा शोमरोनी थांबून त्याला उचलतो. ही गोष्ट डोक्यात घोळवत हे विद्यार्थी निघाले. बोळात एका दाराशी एक माणूस मान खाली घालून, डोळे मिटून बसला होता. विद्यार्थी जवळ आला की तो खोकायचा, कण्हायचा. काही विद्यार्थ्यांना निघताना सांगितलं होतं, तुम्हाला उशीर झालाय, लोक खोळंबलेत. काहींना सांगितलं होतं, अजून वेळ आहे.

चाळीसपैकी सोळा जणांनी काही ना काही मदत केली. ज्यांना अजून वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के थांबले, आणि ज्यांना घाई होती त्यांच्यातले फक्त १० टक्के. भाषण शोमरोनी माणसावर होतं की दुसऱ्या कशावर, यामुळे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. काही जण तर त्याच गोष्टीवर बोलायला जाताना त्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले. लोक हा प्रयोग धार्मिकांचं ढोंग दाखवायला वापरतात. मला त्यात ढोंग दिसत नाही. ती मुलं मनापासून धर्माच्या मार्गाला लागलेली होती. श्रद्धा खरी होती, पण त्या मिनिटाला घाई तिच्यापेक्षा मोठी ठरली. चांगुलपणा आपल्याकडे साठवून ठेवलेला नसतो, तो त्या त्या वेळी जागा व्हावा लागतो.

आणि जागं करण्याची कला धर्माला अवगत आहे. दीपक मल्होत्रा यांनी २०१० मध्ये ऑनलाइन लिलावांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. लिलावात दानासाठी आवाहन केलं तर अमेरिकेतले धार्मिक लोक इतरांपेक्षा जास्त प्रतिसाद देत, पण तो रविवारी. बाकीच्या दिवशी त्यांच्यात आणि धर्म न मानणाऱ्यांत फारसा फरक नव्हता. मोरोक्कोतल्या माराकेश शहरात दुकानदारांना पर्याय दिला गेला, थोडे पैसे स्वतःसाठी घ्या किंवा जास्त पैसे दानात जाऊ द्या. अजान ऐकू येत असताना दानाकडे कल जास्त होता. तेच दुकानदार, तीच श्रद्धा; फरक काय तो कानावर पडलेल्या हाकेचा. असे आणखीही प्रयोग आहेत. त्यातला एक फार गाजला: नुसते देवाशी संबंधित शब्द वाचायला दिले की माणसं अनोळखी व्यक्तीला जास्त पैसे देतात, असं २००७ मध्ये दिसलं होतं. नंतर दुसऱ्यांनी तो जास्त लोकांवर करून पाहिला तेव्हा तो परिणाम मिळाला नाही, म्हणून मी त्यावर भिस्त ठेवत नाही. पण त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. न्यायालय, पोलीस, करार असे शब्द दिल्यावरही तेवढाच परिणाम दिसला होता. हाक मारायला देवच लागतो असं नाही.

दुसरी गोष्ट सोबतीची. रॉबर्ट पटनम आणि डेव्हिड कॅम्पबेल यांनी अमेरिकेतल्या धार्मिक जीवनाचा मोठा अभ्यास केला. नियमित प्रार्थनास्थळी जाणारी माणसं दान आणि सेवाकार्य जास्त करतात, अगदी धर्माशी संबंध नसलेल्या कामांतही, असं त्यांना दिसलं. हे लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेलं आहे, त्यामुळे थोडी वजावट करावी. पण त्यांनी पुढे खोदलं तेव्हा देवावरचा विश्वास किती पक्का आहे याने फारसं काही ठरत नव्हतं. ठरत होतं ते तिथे तुमचे मित्र किती आहेत यावर. घरी एकट्याने भक्ती करणाऱ्यापेक्षा नवऱ्याबरोबर किंवा बायकोबरोबर जाऊन तिथल्या लोकांत मिसळलेला नास्तिक सेवेला जास्त तयार असतो.

मी घरी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांकडे जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटात काम केलंय, म्हणून मला याचं नवल वाटलं नाही. पहिल्या महिन्यात कोण देव मानतो आणि कोण नाही, हे कामावरून ओळखताच यायचं नाही. अंग पुसणं, कूस बदलून देणं, तेच तेच बोलणं न कंटाळता ऐकणं. कोणी हात आखडता घेत नसे. पण काही महिन्यांनी गळती लागायची, आणि गळणाऱ्यांत एकेकटे आलेले जास्त असायचे. एकाच प्रार्थनामंडळातून आलेल्या बायका टिकायच्या. एकीचं येणं चुकलं की दुसरी फोन करायची, आजारी असली तर तिच्या वाटचं घर तिसरी घ्यायची. मग आम्ही सगळ्यांच्याच जोड्या लावल्या आणि महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र बसायचं ठरवलं. त्यानंतर एकेकटे आलेले, देव न मानणारेही टिकायला लागले. त्यांच्या मनात दया कमी नव्हती, पाठीशी कोणी नव्हतं.

इथपर्यंत धर्माची बाजू चांगली दिसते. पण सोबत जितकी घट्ट, तितकं तिच्या कुंपणाबाहेर कोण आहे हे विचारणं भाग पडतं. बेंजामिन पर्झिकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये जगातल्या आठ समाजांतल्या ५९१ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देव सगळं पाहतो आणि शिक्षा करतो असं जितकं पक्कं मानलं जातं, तितकी माणसं दूरवरच्या, कधी न पाहिलेल्या स्वधर्मीयांशी पैशांच्या खेळात जास्त सचोटीने वागली. ही लहान गोष्ट नाही. नात्यागोत्याबाहेरच्या माणसावर विश्वास टाकता येणं हा समाज उभा राहण्याचा पाया आहे आणि धर्माने तो घालायला मदत केली, असं मी मानते. पण 'स्वधर्मीयांशी' हा शब्द नजरेआड करू नका.

गुलामगिरीचं उदाहरण घ्या. १७८७ मध्ये लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन झाली. तिच्या बारा संस्थापकांपैकी नऊ जण क्वेकर पंथाचे ख्रिस्ती होते. प्रत्येक माणसात ईश्वरी प्रकाश आहे, या श्रद्धेतून ते उभे राहिले होते. आणि १८४५ मध्ये अमेरिकेत सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन हे ख्रिस्ती चर्चांचं संघटन स्थापन झालं ते गुलाम बाळगणाऱ्यांना धर्मप्रसारक होऊ द्यावं की नाही, या वादातून, आणि होऊ द्यावं या बाजूने. त्यांना त्याबद्दल माफी मागायला १९९५ साल उजाडलं. बायबल एकच. फरक होता तो काळ्या माणसाला 'आपल्यात' धरण्या न धरण्याचा.

रवांडा आठवला की मला अजूनही सुन्न व्हायला होतं. १९९४ मध्ये तो आफ्रिकेतल्या सर्वांत ख्रिस्ती देशांपैकी एक होता. तिथल्या वंशसंहारात तुत्सी जमातीचे लोक जीव वाचवायला चर्चमध्ये शिरले, कारण देवाच्या घरात कोणी मारणार नाही असा त्यांचा भरवसा होता. न्तारामा आणि न्यामाता इथल्या चर्चमध्येच त्यांची कत्तल झाली, आणि मारणारे त्याच धर्माचे होते. त्याच वेळी तिथल्या अल्पसंख्य मुस्लिम वस्त्यांनी अनेकांना लपवलं. उलट दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या ल शाँबों-सुर-लिन्यों या गावाने पाद्री आंद्रे त्रोक्मे यांच्या पुढाकाराने हजारो निर्वासितांना आसरा दिला, त्यात बहुसंख्य ज्यू होते. त्या गावातले प्रोटेस्टंट स्वतः पिढ्यानपिढ्या छळ सोसलेल्यांचे वंशज होते. धर्माने त्यांना ती आठवण विसरू दिली नाही, आणि दारात आलेला परधर्मीय त्यांना परका वाटला नाही.

धर्म काढून टाकला की माणुसकी आपोआप उगवते, असंही नाही. अल्बानियाने १९६७ मध्ये धर्मावर बंदी घातली, कंबोडियात ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने १९७५ ते १९७९ या काळात भिक्खूंची चीवरं उतरवली. दोन्हीकडे माणुसकी उगवली नाही, दडपशाही आणि क्रौर्यच वाढलं. डेन्मार्क-स्वीडनसारखे देश आज फारसे धार्मिक नसूनही सचोटीसाठी आणि परस्पर विश्वासासाठी ओळखले जातात, तेव्हा धर्माशिवाय समाज कोसळतो हे म्हणणं टिकत नाही. पण त्यांच्या मागे शतकांचं प्रोटेस्टंट वळण आहे आणि भक्कम कल्याणकारी राज्य आहे, म्हणून श्रेय अधार्मिकतेला देता येत नाही. डॉ. आंबेडकरांचा निर्णय मला या सगळ्यात फार विचार करायला लावतो. धर्माच्या नावाने जितका अन्याय त्यांनी सोसला तितका फार थोड्यांनी सोसला असेल. तरी १९५६ मध्ये ते निधर्मी झाले नाहीत. समाजाला धम्म हवा, पण त्यात ईश्वराच्या जागी नीती हवी, असं म्हणत त्यांनी बुद्धाची वाट धरली.

तुमच्या बाजूच्या लोकांना एक सांगायचंय. धार्मिक घरांतली मुलं कमी उदार असतात, असा २०१५ चा एक अभ्यास अजून फिरतो. सहा देशांतली मुलं होती, जगभर बातम्या झाल्या. पुढे कळलं की देशांना दिलेले क्रमांक आकडेमोडीत खऱ्या राशींसारखे वापरले गेले होते. दुरुस्त केल्यावर मुख्य निष्कर्ष उरला नाही आणि २०१९ मध्ये तो शोधनिबंध मागे घेतला गेला. तो पुढे करू नका. आणि आमच्या बाजूला हे सांगते की नास्तिक म्हणजे बेभरवशाचा हा ग्रह फार खोल रुजलेला आहे. तेरा देशांत केलेल्या २०१७ च्या एका अभ्यासात स्वतः नास्तिक असलेल्या लोकांच्याही मनात तो सापडला. तुमच्या घरची माणसं दुष्टाव्याने बोलत नाहीत, जगातल्या बहुतेकांसारखं बोलतात.

मुलीचं काय करावं? प्रार्थना, गोष्टी, सण यांत तिला आजी-आजोबांबरोबर जाऊ द्या, तिच्या मनाविरुद्ध नव्हे आणि तुमच्या मनाविरुद्धही नव्हे. त्यांच्याशी एकच करार करा: चुकल्यावर "देव शिक्षा करेल" असं म्हणायचं नाही, ज्याला लागलं किंवा ज्याचं गेलं त्याच्याकडे तिला न्यायचं. तुमच्याकडूनही एक गोष्ट हवी. धार्मिक घरात जे आठवड्याच्या ठरल्या दिवशी मिळतं ते तुमच्या घरी आपोआप मिळणार नाही, ते ठरवून करावं लागेल. चार कुटुंबं गाठा, काहीतरी काम धरा, वेळ नक्की करा, मुलीला बरोबर घ्या, आणि कंटाळा आला तरी चुकवू नका. त्या चार कुटुंबांत निदान एक तरी असं घर असू द्या, ज्याला तुमचे आई-वडील 'आपलं' म्हणत नाहीत.