अँटेना एकाच टॉवरवर लावू की पसरवून?

प्रश्न: मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमधे 100 जागा दिल्यात, त्यातल्या 10 ठिकाणी अँटेना लावायचेत. सगळी कॉम्बिनेशन्स तपासणारा प्रोग्रॅम लिहिला, तो दोन दिवस झाले संपतच नाहीये. आणि मित्र म्हणतो एवढा खटाटोप कशाला, सगळे एकाच टॉवरवर लाव. काय करू?

उत्तर: प्रोग्रॅम बंद कर आधी. 100 मधून 10 निवडायचे तर 17 लाख कोटींच्या वर कॉम्बिनेशन्स होतात, सेकंदाला 10 लाख तपासलीस तरी सहा महिने जातील. ग्रीडी पद्धत वापर, म्हणजे ज्या जागेवरून सगळ्यात जास्त युजर कव्हर होतात ती आधी घे, मग उरलेल्यांपैकी जास्तीत जास्त जिथून मिळतील ती, असं करत दहा. कव्हर झालेले युजर मोजायचे असतील तर ही पद्धत सर्वोत्तम उत्तराच्या निदान 63 टक्के तरी देते, हे 1978 मधेच सिद्ध झालंय. त्यानंतर एकेक अँटेना हलवून बघायचा, आकडा सुधारला तर ठेवायचा.

पण मला विचारशील तर खरा प्रश्न वेगळाच आहे, तुला नक्की काय वाढवायचंय? सरासरी स्पीड वाढवायला गेलास की प्रोग्रॅम सगळे अँटेना गर्दीकडे ओढतो आणि कडेचा माणूस उपाशी राहतो. मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौथाईवर येतो, मधे भिंती आल्या तर विचारूच नकोस. कडेच्याचा विचार केलास तर अँटेना आपोआप पसरतात.

मित्राचंही अगदी चूक नाहीये हं. 2010 मधे थॉमस मार्झेटा या वायरलेस संशोधकांनी दाखवलं की एकाच बेस स्टेशनवर (म्हणजे मोबाइल टॉवरवर) भरपूर अँटेना लावले की एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर बऱ्याच युजर्सना वेगवेगळं सांभाळता येतं. तिथे अँटेनांमधलं अंतर साधारण अर्धी वेव्हलेंग्थ (रेडिओ लहरीची लांबी) ठेवतात, 3.5 गिगाहर्ट्झला ते 4.3 सेंटीमीटर येतं, आणि ते एक वेव्हलेंग्थपर्यंत वाढवलं की नको त्या दिशेलाही तितकाच जोरदार बीम, म्हणजे सिग्नलचा झोत, निघतो. पसरवलेल्या रचनेत कडेचे युजर सावरतात, पण प्रत्येक अँटेनापर्यंत केबल न्यावी लागते, आणि सगळ्यांनी मिळून एकच सिग्नल पाठवायचा तर घड्याळं नि फेज (लहरींचे चढउतार) जुळलेले लागतात. हा खर्च प्रोजेक्टमधे धर, बरेच जण धरत नाहीत आणि तिथेच फसतात.

अजून एक, युजर एकाच जागी बसलेत असं धरून उत्तर काढू नकोस. त्यांच्या जागा शंभरएक वेळा बदलून बघ, आणि रिझल्टमधे सरासरीच्या शेजारी सगळ्यात खालच्या 5 टक्के युजर्सचा स्पीडही लिही.