नोंद आधी, स्कॅन नंतर

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत ग्रंथालयांच्या संगणकीकरणाविषयीची पत्रे इतकी होती की या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच देत आहोत. प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : आमचे तालुक्याच्या गावचे ‘ब’ वर्गाचे सार्वजनिक वाचनालय आहे. एका देणगीदाराने संगणक व स्कॅनरसाठी रक्कम दिली असून, जुनी पुस्तके स्कॅन करून येत्या वर्धापनदिनी ‘डिजिटल ग्रंथालय’ सुरू करावे असा कार्यकारिणीचा आग्रह आहे. पुस्तकांची तालिका अद्याप कार्डांवर आहे आणि तीही अपुरी. मी एकटाच ग्रंथपाल आहे. सुरुवात कोठून करावी? (ग्रंथपाल, सातारा जिल्हा)

उत्तर : स्कॅनर खोक्यातच राहू द्यावा आणि आधी तालिका पूर्ण करावी. वर्धापनदिनी पडद्यावर जुनी पिवळी पाने उलटताना दाखवण्याचा मोह कार्यकारिणीला का होतो हे समजण्यासारखे आहे. परंतु ज्या पुस्तकाची नोंद नीट नाही ते स्कॅन झाले तरी वाचकाला सापडत नाही, आणि जे सापडत नाही ते असून नसल्यासारखेच. याचा मोठ्या प्रमाणावरचा अनुभव आपल्या देशाने घेतलेला आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दहा लाख पुस्तकांच्या प्रकल्पाशी जोडून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चे काम झाले आणि त्यात लाखो पुस्तके स्कॅन झाली. मात्र मराठी पुस्तकांची नावे रोमन अक्षरांत, आणि तीही ज्याला जसे सुचेल तशी भरली गेली. कित्येक ठिकाणी लेखकाच्या रकान्यात ‘उपलब्ध नाही’ एवढेच लिहिलेले आढळते, जरी लेखकाचे नाव त्याच फायलीच्या पहिल्या पानावर ठसठशीत छापलेले असते. तो संग्रह आज इंटरनेट आर्काइव्हवर आहे आणि अमोल आहे, पण त्यात हवे ते मराठी पुस्तक शोधायचे तर एकच नाव चार-पाच तऱ्हांनी टंकून पाहावे लागते. पाने टिपणाऱ्यांनी आपले काम केले. पुस्तक हातात घेऊन नोंद करणारा तालिकाकार मात्र तेथे पुरेसा नव्हता.

आज्ञावलीसाठी (सॉफ्टवेअरसाठी) देणगी खर्च करण्याची गरज नाही. ‘कोहा’ ही आज्ञावली मुक्त व विनामूल्य आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या लहान ग्रंथालय न्यासाची जुनी यंत्रणा २००० साल उजाडताच बंद पडण्याची भीती होती, म्हणून १९९९मध्ये ती तयार करवून घेण्यात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही आज्ञावलीही आहे. दोहोंपैकी कोणती निवडावी हे, खरे सांगायचे तर, जवळपासच्या कोणत्या ग्रंथालयात ती चालवणारा माणूस आहे यावर ठरवावे, कारण अडचण येईल तेव्हा उपयोगी पडतो तो माणूस. कोहा घेतल्यास शोधयंत्रणेच्या मांडणीत निरनिराळ्या लिप्या हाताळणारा ‘आयसीयू’ हा पर्याय निवडलेला आहे ना, एवढे मात्र बसवणाऱ्याकडून आवर्जून पाहून घ्यावे. तो नसेल तर देवनागरीतला शोध नीट चालत नाही.

आता नोंदीविषयी. मराठी पुस्तकाची नोंद संगणकावर करणे हे इंग्रजी पुस्तकाच्या नोंदीपेक्षा अवघड आहे आणि प्रशिक्षण वर्गांत ही गोष्ट बहुधा सांगितली जात नाही. पहिली अडचण शुद्धलेखनाची. १९६२मध्ये शासनाने मान्य केलेल्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि ‘कवि’, ‘बुद्धि’ यांसारख्या शब्दांची अखेरची वेलांटी दीर्घ झाली. त्यापूर्वीच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘कांहीं’ असे छापलेले असेल आणि आजचा वाचक ‘काही’ असे टंकत असेल, तर संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द आहेत. पूर्वी कार्डांचे खण चाळताना ग्रंथपालाची नजर हा फरक आपोआप भरून काढत असे. संगणकाला ती नजर नाही. यावर उपाय असा की मूळ शीर्षक जसे छापले आहे तसेच मार्कच्या (संगणकावरील ग्रंथनोंदीच्या ठरावीक नमुन्याच्या) २४५ क्रमांकाच्या रकान्यात द्यावे आणि आजच्या लेखनानुसारचे रूप २४६ या पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात द्यावे. मूळ शीर्षक ‘सुधारून’ लिहू नये. संशोधकाला नेमके तेच हवे असते.

दुसरी अडचण लेखकांच्या नावांची. विभावरी शिरूरकर, मालती बेडेकर आणि माहेरच्या बाळूताई खरे या एकच व्यक्ती, हे आपल्याला ठाऊक असते, पण नोंदीत ते जोडले नाही तर त्यांची पुस्तके तीन लेखिकांमध्ये विखुरतात. विवाहानंतर बदललेली नावे, टोपणनावे, ‘वि. वा.’ अशी आद्याक्षरे आणि पूर्ण नावे या सर्वांसाठी एक प्रमाण रूप ठरवून बाकीची रूपे ‘पाहा’ या संदर्भाने त्याला जोडण्याची सोय कोहात आहे. जुन्या कार्डांवर आपण ‘शिरवाडकर, वि. वा. पाहा कुसुमाग्रज’ असे जे लिहीत होतो, तेच हे काम आहे.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲटलास’ या शब्दातले पहिले अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संगणकीय प्रमाणात, स्वतंत्रपणे २००८मध्ये आले. त्याआधी ‘अ’ला चंद्र जोडून ते लिहीत असत आणि अजूनही कित्येक कळफलक तसेच लिहितात. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ही दोन प्रकारे टंकता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे एकसारखीच दिसतात, पण एकाने टंकलेले दुसऱ्याला शोधून सापडत नाही. म्हणून नोंदी करणाऱ्या सर्वांनी एकच कळफलक वापरावा. मी स्वतः इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकाचा आग्रह धरतो, पण एकच असणे हे कोणता आहे यापेक्षा महत्त्वाचे.

एकट्याने एवढे कसे व्हावे, हा आपला पुढचा प्रश्न असणारच. पहिल्या कपाटापासून सुरुवात करू नये. देवघेव विभागात परत येणारे प्रत्येक पुस्तक, ते पुन्हा फळीवर जाण्यापूर्वी, हातात घेऊन त्याची नोंद करावी. वर्षभरात जी पुस्तके खरोखर वाचली जातात ती सर्व तालिकेत आलेली असतील, आणि उरलेली मग उन्हाळी सुट्टीत मदतीला येणाऱ्या मुलांना घेऊन करावीत. कार्डावरून उतरवून घेण्याचा आळस टाळावा, कारण कार्डातली जुनी चूक मग संगणकात अमर होते. दाखल नोंदवही मात्र कागदावरच चालू ठेवावी. तपासणीला ती लागतेच, आणि संगणक बंद पडला तर ग्रंथालयाचा शेवटचा पुरावा तीच असते.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाने सुमारे वीस वर्षांपूर्वी पुस्तकांची यादी संगणकावर टंकून घेतली होती. नव्या संगणकावर ती उघडल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा काला दिसतो. सर्व पुन्हा टंकावे लागेल का? (कार्यवाह, विदर्भ)

उत्तर : पुन्हा टंकावे लागणार नाही, पण नुसती कळ दाबूनही भागणार नाही. त्या काळच्या मराठी फॉण्टांमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. फॉण्ट गेला की मुखवटा गळून खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. फॉण्टाचे नाव फायलीतून कळते आणि त्या फॉण्टातून युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मिळतात. रूपांतरात चुका होतात त्या ठरावीक ठिकाणी: ऱ्हस्व वेलांटी जुन्या पद्धतीत अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकला जात असे, युनिकोडमध्ये हा क्रम उलटा आहे, त्यामुळे ‘कीर्ती’, ‘स्थिती’, ‘मार्क्स’ असे शब्द हमखास बिघडतात. संपूर्ण यादी वाचून काढण्याऐवजी आधी रफार आणि ऱ्हस्व वेलांटी असलेल्या ओळी वेगळ्या काढून तपासाव्यात. मूळ फाईल पुसू नये.

प्रश्न : पुस्तकांना आरएफआयडी (रेडिओलहरींनी ओळख पटवणाऱ्या) चकत्या लावून सभासदांनी स्वतःच देवघेव करावी आणि माहिती चॅटबॉटला विचारावी, असे झाल्यावर ग्रंथपालाचे काम काय उरणार? (ग्रंथालयशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : चकत्यांमुळे शिक्के मारण्याचे काम कमी होते आणि ते झालेले बरे. वर्षाअखेरची पुस्तक-मोजणीही झपाट्याने होते. लहान वाचनालयाला तो खर्च पेलणारा नाही. तेथे साधा बारकोड पुरतो. चॅटबॉटविषयी इतकेच सांगतो की, अलीकडे वाचक त्याने दिलेली ग्रंथसूची घेऊन येतात आणि तिच्यातली काही पुस्तके कोणी कधी लिहिलेलीच नसतात. लेखक खरा, विषय त्याचाच, शीर्षकही शोभेल असे, पण पुस्तक नाही. ‘हे पुस्तक अस्तित्वात नाही’ असे खात्रीने सांगण्यासाठी कोठे कोठे पाहावे लागते, याचा अभ्यास करावा. त्याला मागणी वाढणार आहे.

प्रश्न : आमच्याकडे शंभर वर्षांपूर्वीची मराठी पुस्तके व मासिकांचे अंक आहेत. ते स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवणे कायद्याला धरून होईल का, आणि त्यातला मजकूर शोधता येण्यासारखा कसा करावा? (ग्रंथपाल, कोकण)

उत्तर : १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतात. साने गुरुजींचे निधन १९५०मध्ये झाले, म्हणून त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ला मुक्त झाले. येथे पुस्तकाचे वय पाहायचे नसून लेखकाच्या मृत्यूचे वर्ष पाहायचे असते. शंभर वर्षांपूर्वी तरुणपणी लिहिणारा लेखक १९७५पर्यंत जगला असेल तर त्याचे ते पुस्तक अजून मुक्त नाही. भाषांतरात भाषांतरकाराचा हक्क वेगळा, आणि नव्या आवृत्तीला जोडलेल्या प्रस्तावनेचाही वेगळा. मासिकाच्या एका अंकात दहा लेखक असतात, त्यामुळे अंकांचे काम सर्वांत किचकट. जे मुक्त नाही त्याच्याबाबतीतही हात बांधलेले नाहीत: २०१२च्या दुरुस्तीनंतर, ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडे असलेल्या छापील प्रतीची जतनासाठी डिजिटल साठवण करण्याची मुभा आहे. जतन करणे आणि जगासाठी खुले करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे ध्यानात ठेवावे.

तांत्रिक बाजू सोपी आहे. जुने पुस्तक सपाट काचेवर दाबू नये, बांधणी मोडते. वरून छायाचित्र घेणारा स्कॅनर वापरावा. प्रति इंच किमान ३०० ठिपके ठेवून जतनाची प्रत टिफमध्ये आणि वाचनाची प्रत पीडीएफमध्ये करावी. मजकूर ओळखण्यासाठी टेसरॅक्ट ही मुक्त आज्ञावली मराठीसाठी उपलब्ध आहे आणि स्वच्छ छपाईवर ती बरे काम करते, तरी घ आणि ध, ब आणि व, भ आणि म यांत तिची गल्लत होतेच. शिळाछापाची पुस्तके तिला वाचता येत नाहीत, कारण ती मुळात हस्ताक्षरेच असतात. मोडीचे तर विचारूच नका. त्या लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली तीच २०१४मध्ये. मुद्रितशोधनासाठी मनुष्यबळ हवे असेल तर मुक्त झालेली पुस्तके मराठी विकिस्रोतावर चढवावीत. तेथे डाव्या-उजव्या बाजूंना पान आणि मजकूर ठेवून स्वयंसेवक ओळ न् ओळ तपासतात, आणि आपल्या गावातले निवृत्त शिक्षक या कामाला फार चांगले असतात. स्वतःचे संकेतस्थळ नसले तरी बिघडत नाही. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयसुद्धा प्रामुख्याने ठिकठिकाणच्या संग्रहांच्या नोंदी एकत्र करते. फाईल ज्याची त्याच्याकडेच राहते.

प्रश्न : मी बरीच वर्षे अमेरिकेत आहे. येथील विद्यापीठांत मराठी पुस्तके भरपूर आहेत असे ऐकते, पण तालिकेत शोधल्यास काहीच मिळत नाही. (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : पुस्तके आहेत. १९६२पासून पीएल-४८० या अमेरिकी धान्य-मदतीच्या योजनेखाली अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या दिल्ली कार्यालयामार्फत भारतीय भाषांतील पुस्तके तेथील विद्यापीठांना मिळू लागली. शिकागो विद्यापीठाचा संग्रह विशेष चांगला आहे, आणि मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश त्याच विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो. अडचण लिप्यंतराची आहे. तेथील तालिकाकार मराठी शीर्षके आपल्या रोजच्या रोमन पद्धतीने लिहीत नाहीत. आपण ‘ज्ञ’साठी डी-एन-वाय टंकतो, ते जे-एन लिहितात, आपण ‘च’साठी सी-एच टंकतो, ते नुसता सी लिहितात, ‘श’साठी आपण एस-एच लिहितो, ते वर रेघ दिलेला एस. वरच्या रेघा गाळल्या तरी बहुतेक तालिका चालवून घेतात. तेव्हा ‘ज्ञानेश्वर’ शोधताना जे-एन-ए-एन-ई-एस-व्ही-ए-आर असे टंकून पाहावे आणि शेवटी तारांकन द्यावे, कारण तेथे बहुतेक वेळा अखेरीस आणखी एक ‘ए’ असतो. नव्या नोंदींमध्ये देवनागरी शीर्षकही देतात, म्हणून दोन्ही लिप्यांत शोधावे. एवढे करूनही न सापडल्यास तेथील दक्षिण आशिया विभागाच्या ग्रंथपालांना शीर्षक देवनागरीत लिहून पाठवावे.