पोर्तुगालच्या खेड्यात जायचंय, रावेरच्या नको

प्रश्न : ताई नमस्कार, मी ३९ वर्षांची, मिस्टर ४१, दोघं पुण्यात आयटीत आहोत, मुलगी ८ वर्षांची. सासर रावेर तालुक्यात, सासऱ्यांच्या नावावर ५ एकर केळी आहे. या नोकरीचा आता खरंच कंटाळा आलाय. पोर्तुगालच्या आतल्या भागात एखादं जुनं दगडी घर घ्यावं, सोबत थोडी जमीन, कोंबड्या, भाजीपाला, असं साधं राहावं हे आमचं दोन वर्षांपासून चाललंय. सासरे म्हणतात, खेडंच पाहिजे तर इथे या ना, इथे काय वाघ खातो का. पण मिस्टरांना गावी राहायचं नाहीये, ते म्हणतात तिथे रोज दहा जण हिशोब विचारतात. तर शेती विकून तिकडे जावं का? आणि सासऱ्यांनी मुद्दाम विचारायला सांगितलंय की तिकडे केळी येते का.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी सासऱ्यांचं उत्तर देते, कारण त्यांचा प्रश्न सगळ्यात मुद्द्याचा आहे. पोर्तुगालची केळी मुख्यतः मदेरा बेटावर होते, तुम्ही म्हणताय त्या आतल्या डोंगराळ भागात नाही. आपल्याकडे जानेवारीत पारा उतरला की केळीला चरका बसतो आणि बागायतदार रात्री धूर करत बसतो, तिकडे तर हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो आणि गोठणाऱ्या दवात बागच उभी राहत नाही. ऑलिव्ह, द्राक्ष, चेस्टनट असली पिकं आहेत. म्हणजे घरातल्या ज्या एकाच माणसाला शेती येते त्याची विद्या तिकडे अर्धी बाद, हे लक्षात घ्या.

आता तुमचं. पत्र दोनदा वाचलं तरी मला त्यात शेतीची ओढ कुठे सापडली नाही, सापडलं ते एवढंच की कोणी काही विचारू नये. आणि खरं सांगू का, यात लाजण्यासारखं काही नाही. आपला खान्देशी माणूस पोटासाठी सुरतला गेला, उधना-लिंबायतला अख्ख्या गल्ल्या आपल्या लोकांच्या झाल्या, पण तिथेही कानबाई बसवली, नात्यागोत्यातच लग्नं जमवली, म्हणजे विचारणारे सोबत घेऊनच गेला. तुम्हाला विचारणारे नकोत म्हणून जायचंय. तसंच म्हणा घरात. "साधं आयुष्य" म्हटलं की सासऱ्यांना वाटतं आपण जे आयुष्यभर केलं ते हेच की, मग इथे काय वाईट, आणि वाद तिथेच फिरत राहतो.

कारण खेड्यातलं जगणं साधं असतं हे ज्यानं रात्रीच्या लाइटीवर पाणी भरलंय तो म्हणणार नाही. तुमच्या सासऱ्यांकडे सालदार असेल, आखाजीला त्याचं साल ठरत असेल, मोटर जळली तर कोणाला फोन करायचा हे ठरलेलं असेल, आणि जे दहा जण हिशोब विचारतात त्यातलेच चार जण पाइप फुटल्यावर धावत येत असतील. पोर्तुगालमध्ये तुम्हीच मालक आणि तुम्हीच सालदार. मोटर तिकडेही जळते. शेजारी बहुतेक सत्तरीचे, कारण तरुण लोक लिस्बन-पोर्तोला किंवा फ्रान्स-स्वित्झर्लंडला गेलेले, म्हणून तर ती घरं स्वस्त आहेत. ती म्हातारी माणसं मदत करतात, भाजी आणून देतात, सगळं खरं, पण पोर्तुगीजमध्ये. तुम्हाला भाषा आली नाही तर ८ वर्षांची पोर सहा महिन्यांत शाळेत शिकेल आणि मग दवाखाना, नगरपालिका, प्लंबर सगळीकडे तिला दुभाषी म्हणून न्यावं लागेल, हे ओझं पोरीवर टाकायचं का ते आत्ताच ठरवा.

कागदांचं बोलू. डी-७ नावाचा व्हिसा आहे, पण तो भाडं, पेन्शन, डिव्हिडंड अशा बसल्या जागी येणाऱ्या उत्पन्नावर मिळतो, पगारावर नाही. २०२५ ला त्यासाठी तिथलं किमान वेतन म्हणजे महिन्याला ८७० युरो दाखवावे लागत होते, जोडीदाराचे त्याच्या ५० टक्के आणि मुलाचे ३० टक्के वर, म्हणजे तुम्हा तिघांचे १,५६६ युरो, दीड लाखाच्या वर गेलं. पुण्याची नोकरी तिकडे बसून करायची असेल तर डी-८, त्याला किमान वेतनाच्या चौपट, म्हणजे २०२५ ला ३,४८० युरो. हा आकडा दर जानेवारीत किमान वेतनासोबत वाढतो. आता गंमत बघा, ज्या नोकरीला कंटाळून निघालात तीच लॅपटॉपवर घेऊन गेलात तरच हा दुसरा व्हिसा, आणि मग कोंबड्यांना दाणे टाकून परत मीटिंगलाच बसायचं. डी-७ साठी भाड्याचं उत्पन्न एवढं आहे का तुमचं? पत्रात काही लिहिलं नाहीये. शिवाय तिथले रहिवासी झालात की भारतातलं भाडंसुद्धा तिथल्या टॅक्समध्ये दाखवावं लागतं, आणि परमिटच्या कामांचा तिथल्या ऑफिसात मोठा खोळंबा असतो, २०२३ मध्ये जुनं खातं बंद करून नवीन केलं तेव्हा लाखोंनी अर्ज पडून होते.

जमीन तिकडे परदेशी माणसालाही घेता येते, पण आपल्याकडे जसा एनएचा घोळ तसा तिकडे रुस्तिको आणि उर्बानोचा. उर्बानो म्हणजे राहतं घर म्हणून नोंदलेली मिळकत, रुस्तिको म्हणजे नुसती शेतजमीन, तिच्यावर दगडी खोली उभी असली तरी कायद्यानं ते राहतं घर नाही. स्वस्त जाहिरातींमध्ये हेच जास्त असतं, तेव्हा वकील स्वतःचा करा, विकणाऱ्याचा नको. आणि वणवा. जून २०१७ मध्ये पेद्रोगाओ ग्रांदेच्या आगीत ६० हून जास्त माणसं गेली, कित्येक जण गाडीतून पळताना रस्त्यावरच. तेव्हापासून घराभोवती ५० मीटरपर्यंतचं रान साफ ठेवण्याबाबत फार कडक झालेत, नाही केलं तर दंड. ती निंदणी तुमच्याच वाट्याची, दर उन्हाळ्याआधी. (उन्हाचं मात्र तुम्हाला काही वाटणार नाही, भुसावळ ज्यानं काढलंय त्याला चाळीस म्हणजे काय.) थंडीचं वाटेल, ती दगडी घरं आतून ओली गार असतात आणि लाकडं फोडून शेकोटी पेटवावी लागते.

शेती विकू नका, हे मात्र मी ठामपणे सांगते. एक तर ती तुमची नाहीच, सासऱ्यांची आहे, आणि वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर नणंदांचाही सारखा हक्क आहे, तेव्हा "विकून जावं का" हा प्रश्न तुम्ही दोघांनी पुण्यात बसून ठरवायचा नाहीये. दुसरं, एनआरआय झालात की भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. असलेली ठेवता येते, वारसानं येते, पण पैसे देऊन नवीन नाही. पुढे पोर्तुगीज पासपोर्ट घेतला तर भारतीय नागरिकत्व जातं, मग मूळ भारतीय म्हणून जे ओसीआय कार्ड मिळतं त्यावरही शेती घेता येत नाही. आणि सातबाऱ्यावरून नाव गेलं तर परत आल्यावरसुद्धा महाराष्ट्रात शेतकरी म्हणून जमीन घेणं अवघड होऊन बसतं. केळीचा भाव पडला की ५ एकर नकोसे वाटत असतील, पण परतीचा तो एकच दरवाजा आहे.

मी तुमच्या जागी असते तर बिनपगारी रजा टाकून तिथे भाड्यानं राहून बघितलं असतं, आणि तेही नोव्हेंबर ते जानेवारी, पाऊस आणि अंधार असतो तेव्हा. शेंगेन टुरिस्ट व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. मे महिन्यात जाऊ नका, मे महिन्यात सगळ्यांनाच तिथे राहावंसं वाटतं. आणि जाण्याआधी मिस्टरांना विचारा की हिशोब नेमका कोण मागतो आणि कशाचा, कारण जर तो वडिलांकडूनच येत असेल तर लिस्बनलाही फोन लागतो.

प्रश्न : मुलगा म्हणतो इटलीत एक युरोत घर मिळतं, घेऊन टाकू. फसवणूक तर नाही ना?
— एक आई, शिरपूर

उत्तर : फसवणूक नाही हो ताई, पण एक युरो ही बऱ्याचदा सुरुवातीची बोली असते. सिसिलीतल्या सांबुका गावानं २०१९ मध्ये अशी घरं काढली तेव्हा तीन वर्षांत दुरुस्ती करायची अट होती आणि ५,००० युरो अनामत, काम नाही झालं तर अनामत बुडाली. दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीशी काही संबंध नसलेला असतो. आणि घर घेतलं म्हणून तिथे राहायचा परवाना मिळत नाही, व्हिसा वेगळा काढावा लागतो. मुलाला एवढंच विचारा, व्हिसा कोणता? उत्तर आलं नाही तर काळजी करू नका, तो काही जात नाही.

प्रश्न : मी १२ वर्षं न्यूझीलंडला डेअरी फार्मवर आहे, पासपोर्ट भारतीय. आता परत येऊन नंदुरबारकडे २ एकर घ्यायचा विचार आहे, तोवर भावाच्या नावावर घेऊन ठेवू का?
— एक वाचक, ऑकलंड

उत्तर : नका घेऊ. पैसे तुमचे आणि नाव भावाचं म्हणजे बेनामी कायद्याची भानगड मागे लागू शकते, आणि कायदा बाजूला ठेवला तरी कागदावर मालक भाऊच. कायमचं राहायला आधी परत या, मग तुमच्या नावावर घ्या. वडिलांचा सातबारा काढून ठेवा, शेतकरी असल्याचा पुरावा लागेल. नंदुरबारला एक गोष्ट जास्तीची, आदिवासींच्या नावची जमीन बिगर-आदिवासी माणसाला शासनाच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, कितीही स्वस्त मिळो आणि मध्यस्थ काहीही सांगो. तलाठ्याकडून जुने फेरफार काढून बघा, जमीन आधी कोणाच्या नावावर होती ते तिथे दिसतं, आणि ते बघितल्याशिवाय इसार देऊ नका.