लॅबमधल्या २० उबुंटू मशीनवर मराठी-कन्नड फॉन्ट एकदम कसे टाकायचे?

खानापूरच्या शाळेतल्या लॅबला अ‍ॅन्सिबल हे एका मशीनवरून बाकी सगळ्यांवर काम करून घेणारं साधन घ्या. पपेट या तशाच साधनाला सहसा प्रत्येक मशीनवर एजंट (कायम चालणारा छोटा प्रोग्राम) लागतो, अ‍ॅन्सिबलला एसएसएच (दुसऱ्या मशीनवर दुरून सुरक्षित लॉगिन) आणि पायथन पुरतं. उबुंटू डेस्कटॉपवर एसएसएच सर्व्हर मुळात नसतो, तेवढा एकदा हातानं टाका. राउटरमध्ये प्रत्येक मशीनचा आयपी पक्का करा, नाहीतर लाईट जाऊन आल्यावर पत्ते बदलू शकतात आणि अ‍ॅन्सिबलला दिलेली मशीनच्या पत्त्यांची यादी चुकते. आधी चेक मोडमध्ये, म्हणजे काही न बदलता काय होईल ते फक्त दाखवणाऱ्या पद्धतीनं, चालवून बघा.

मशीन सुरू केल्या केल्या मात्र नको! तेव्हा आपोआप होणारे अपडेट एपीटीला (उबुंटूत सॉफ्टवेअर टाकणाऱ्या प्रोग्रामला) लॉक लावून बसलेले असू शकतात, मग काम फसतं. एरवी अ‍ॅन्सिबल एका वेळी ५ मशीन घेतं. इंटरनेट मंद असेल तर तेवढीच राहू द्या. मध्येच लाईट गेली तर त्या मशीनवर डीपीकेजीचं (एपीटीच्या खाली पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामचं) अर्धवट कॉन्फिगर आधी पूर्ण करा, मग प्लेबुक (अ‍ॅन्सिबलला दिलेली कामांची फाइल) पुन्हा चालवा.