माईक ओरडतो, सॅम्पलर ऐकत नाही

या वेळच्या बहुतेक पत्रांचं दुखणं एकच आहे: सॅम्पलरवर (आवाजाचे तुकडे साठवून बटणांवर वाजवणारं यंत्र) बीट वाजवत त्यातूनच लाइव्ह गायचंय, माईक साधा डायनॅमिक (बाहेरून वीज न लागणारा) आहे आणि दोघांचं काही जुळत नाही.

प्रश्न : शुअर एसएम ५८ माईक आणि एमपीसी वन सॅम्पलर आहे. कॅनन-टू-पी-३८ (माईकच्या तीन पिनांच्या कनेक्टरपासून जाड जॅककडे जाणाऱ्या) केबलने माईक थेट मागच्या इनपुटला लावला. गेन फुल्ल केला तरी आवाज विहिरीतून आल्यासारखा, वर सूं-सूं वेगळी. माईक गेला का? (पुणे)

माईक ठणठणीत आहे. एमपीसी वनचं ते इनपुट लाईनचं, म्हणजे आधीच मोठा केलेला सिग्नल घेणारं आहे, माईकचं नाही. जॅक आत बसला म्हणजे सोयरीक जमली असं नसतं.

जरा हिशेब करू. एसएम ५८ समोर ९४ डेसिबलचा आवाज केला की तो १.९ मिलिव्होल्टच्या आसपास वीज देतो. घरगुती लाईन लेव्हल असते ३१६ मिलिव्होल्ट. म्हणजे जवळपास १७० पटींचा फरक, डेसिबलमध्ये ४५. ओठ जाळीला लावून जोरात गायलात तर यातले वीसेक डेसिबल तुमचा गळा भरून काढेल, पण उरलेले कुणीतरी द्यायला हवेत. ते काम प्रीअॅम्पचं, म्हणजे माईकचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या सर्किटचं; मिक्सरमध्ये तो असतोच. सॅम्पलरचा गेन फिरवून आवाज वाढतो, पण त्याच्यासोबत इनपुटची स्वतःची खरखरही वाढते. तुमची सूं-सूं म्हणजे तीच.

उपाय साधा आहे: माईक आणि सॅम्पलरच्या मध्ये छोटा मिक्सर. यामाहा एमजी०६ सारखा दोन माईकचा मिक्सरही पुरे. कॅनन केबलने माईक मिक्सरला लावा, सगळ्यात मोठ्याने जिथे गाणार आहात ती ओळ गाऊन मिक्सरचा गेन लावा (हळू आवाजात ‘चेक चेक’ म्हणून लावू नका, अंतऱ्यात फाटेल), आणि मिक्सरचं आउट सॅम्पलरच्या लाईन इनला द्या. मास्टर (मिक्सरचा मुख्य व्हॉल्यूम) खालूनच सुरू करा. मिक्सरचं आउटपुट बऱ्याचदा सॅम्पलरला झेपतं त्यापेक्षा तगडं असतं.

सगळे सॅम्पलर असेच असतात असं नाही. रोलंडच्या जुन्या एसपी-४०४ला आणि नंतरच्या एसपी-४०४एसएक्सला मागे वेगळा माईकचा जॅक आहे. तिथे तुमची हीच केबल चालली असती, फक्त बाहेरचा आवाज आत घेणारं ‘एक्स्ट सोर्स’ बटण पेटलेलं हवं. एमपीसी एक्सला तर कॅनन इनपुट आणि फँटम (केबलमधूनच माईकला जाणारी वीज) दोन्ही आहेत. म्हणून खरेदीआधी दुकानदाराला विचारण्यापेक्षा मशीनची पाठ बघावी. जॅकवर ‘माईक’ लिहिलंय की ‘लाईन’, एवढं वाचलं तरी पुष्कळ पैसे वाचतात.

प्रश्न : टीनेज इंजिनिअरिंगचा ईपी-१३३ सॅम्पलर आहे. कॅनन ते बारीक स्टिरिओ जॅक अशी तयार केबल घेतली. हेडफोनवर आवाज बारीक पण येतो. मंडळाच्या मांडवात लावलं तर बीट दणक्यात आणि माझा आवाज गायब! साऊंडवाला म्हणतो, तुमच्याच मशीनमध्ये फॉल्ट. (सातारा)

या महिन्यातलं सगळ्यात आवडलेलं पत्र. साऊंडवाला चुकतोय, मशीन चुकत नाहीये. चूक केबलची आहे, आणि तीही वेगळ्याच कामासाठी बनलेल्या केबलची.

कॅननच्या तीन पिना असतात. १ नंबर ग्राउंड. २ आणि ३ वर तुमचाच आवाज असतो, पण एकमेकांच्या उलटा: २ वर लाट वर जाते तेव्हा ३ वर खाली. मिक्सरचं कॅनन इनपुट या दोघांतला फरक घेतं, त्यामुळे वाटेत शिरलेली घरघर कटते आणि आवाज राहतो. आता हा कॅनन तुम्ही स्टिरिओ जॅकवर उतरवला. २ नंबर गेला टोकाला, म्हणजे डाव्या बाजूला. ३ नंबर गेला मधल्या कड्याला, म्हणजे उजव्या बाजूला. सॅम्पलरला वाटतं की दोन वेगळे आवाज आलेत. हेडफोनवर एका कानात सुलट, दुसऱ्यात उलट, म्हणून ऐकू येतो. नीट ऐकलंत तर तो मध्यभागी नसतो, डोक्याच्या मागे कुठेतरी लोंबकळल्यासारखा वाटतो. मांडवात मात्र साऊंड बहुधा मोनो. डावी-उजवी बाजू एकत्र केली की सुलट आणि उलट एकमेकांना खातात. बीट दोन्हीकडे सारखा, म्हणून तो शाबूत.

दोन बाजू जोडल्यावर उरलं काय? शून्य.

केबल उघडून स्वतः जोडायची असेल तर २ नंबर टोक आणि कडं दोन्हींना द्या, ३ नंबर १ सोबत ग्राउंडला. आवाज मध्यभागी येईल. पण हेही लाईन इनपुटच असल्यामुळे पुण्याच्या वाचकाचं दुखणं शिल्लक राहतंच. त्यापेक्षा इथेही मिक्सर घ्या. त्याचे डावे-उजवे दोन आउट बारीक स्टिरिओ जॅकमध्ये उतरवणारी केबल कुठल्याही साऊंडच्या दुकानात मिळते. एका टोकाला दोन मोनो पी-३८, दुसऱ्या टोकाला बारीक जॅक, असं सांगा.

प्रश्न : मिक्सरऐवजी क्लाउडलिफ्टरसारखा छोटा बूस्टर लावला तर? (फोंडा, गोवा)

क्लाउडलिफ्टर २५ डेसिबल देतो, पण तो ४८ व्होल्ट फँटमवर चालतो. लाईन इनला फँटम नसतं, त्यामुळे सॅम्पलरला थेट लावलात तर तो मुका. फँटम देणारा मिक्सर घ्यावाच लागणार असेल, तर प्रीअॅम्प त्या मिक्सरमध्येच आहे. पैसे वाचवा.

प्रश्न : मिक्सर घेतला. माईक पहिल्या चॅनेलला, ऑक्स सेंड (चॅनेलचा आवाज वेगळ्या वाटेने बाहेर देणारं आउट) सॅम्पलरला, सॅम्पलरचं आउट परत चॅनेल ३-४ ला. साऊंडचेकला इतकी कर्कश शिट्टी बसली की माणसं पळाली. (नाशिक)

चॅनेल ३-४ वरचा ऑक्सचा नॉब बघा, उघडा असणार. सॅम्पलरमधून निघालेला आवाज त्या नॉबवाटे पुन्हा सॅम्पलरमध्ये जातो, तिथून पुन्हा ३-४ ला, आणि प्रत्येक फेरीत वाढतो. हे माझ्याकडूनही एकदा भर कार्यक्रमात झालंय, तेव्हापासून त्या नॉबवर मी लाल चिकटपट्टी लावतो.

शिट्टी गेली तरी आवाज पोकळ वाटेल, पाइपमधून आल्यासारखा. कारण तो आता दोन वाटांनी स्पीकरला पोचतोय: एक थेट पहिल्या चॅनेलवरून, दुसरा सॅम्पलरमधून काही मिलिसेकंद उशिरा. एकच वाट ठेवा. ऑक्स प्री-फेडर असेल (म्हणजे फेडरच्या, चॅनेलच्या व्हॉल्यूमच्या, आधीच आवाज घेत असेल) तर पहिल्या चॅनेलचा फेडर खाली घ्या. पण छोट्या मिक्सरवर तो बहुधा पोस्ट-फेडर (फेडरनंतर आवाज घेणारा) असतो, फेडर खाली घेतला की सेंडही मेला. मॅकीच्या १२०२ व्हीएलझेडवर यासाठी ‘ऑल्ट ३-४’ नावाची सोय आहे: चॅनेल म्यूट केलं की त्याचा आवाज मेनऐवजी वेगळ्या आउटला जातो, आणि ते आउट सॅम्पलरला द्यायचं.

मला विचाराल तर मिक्सर सॅम्पलरच्या आधीच ठेवा. माईक, मिक्सर, सॅम्पलर, आणि सॅम्पलरमधून थेट मांडवाच्या साऊंडला. फेरा नाही, दोन वाटा नाहीत. तोटा एकच, सॅम्पलर हँग झाला तर गळाही त्याच्यासोबत जातो.

प्रश्न : सॅम्पलर लॅपटॉपला यूएसबीने जोडला की घूंऽऽ असा आवाज येतो. चार्जरची अर्थ पिन काढली तर चालेल? (सोलापूर)

नाही चालणार. आधी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. घूं थांबलं तर अर्थचा फेरा (दोन यंत्रांच्या अर्थच्या तारांतून गोल फिरणारी वीज) सापडला. मग सॅम्पलरच्या आउटला डीआय बॉक्स (सॅम्पलर आणि साऊंडच्या मधली छोटी पेटी) लावा आणि त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. विजेची अर्थ तोडायची नाही, ऑडिओची तोडायची. आणि जाळीला ओठ लागल्यावर झिणझिण्या आल्या तर गाणं तिथेच थांबवून इलेक्ट्रिशियनला हाक मारा. तो आवाजाचा प्रश्न नसतो.

माईकच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर घूं कमी-जास्त होत असेल, तर मात्र बहुतेक केबलमधली १ नंबरची पिन सुटलीय. दोन टाके, दहा मिनिटांचं काम.

प्रश्न : रॅप करताना जाळी मुठीत धरली की आवाज भारी वाटतो, पण लगेच कुई येते. (डोंबिवली)

एसएम ५८ मागचा आवाज टाळतो तो कॅप्सूलच्या (आतल्या, आवाज पकडणाऱ्या भागाच्या) मागच्या फटींमुळे, आणि त्या जाळीच्या आत आहेत. मूठ आवळली की फटी बंद, माईक सगळीकडचं ऐकू लागतो, पायाशी ठेवलेला मॉनिटरसुद्धा (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर). दांडा धरा, मॉनिटर माईकच्या बरोबर शेपटीकडे ठेवा. फोटोत मूठच छान दिसते म्हणत असाल, तर फोटो साऊंडचेकच्या आधी काढून घ्या.