गावपातळीवरच्या पर्यावरण आंदोलनात सहभागी व्हायचे असेल तर कोणत्या संघटनेत जावे, आणि त्याने खरोखर काही घडते का?

तुम्ही पणजीत नोकरी करता, मूळ गाव सत्तरीत आहे, गावच्या पठारावर कसला तरी प्रकल्प येणार असल्याची कुजबुज आहे आणि पर्यावरण, मानवी हक्क व शांतता यांसाठी तळागाळात काम करणाऱ्या एखाद्या संघटनेत जावे असे तुम्हाला वाटते, एवढे तुमच्या प्रश्नावरून समजले. कोणत्या संघटनेत जावे, याचे माझे उत्तर असे की सध्या कोणत्याच नको. आधी गावच्या मतदार यादीत तुमचे नाव अजून आहे की पणजीला बिऱ्हाड केल्यावर ते तिकडे हलवले, ते पाहा, कारण ग्रामसभेचे सदस्यत्व त्या यादीवरूनच ठरते. नाव असेल तर जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर महिन्यांत ज्या रविवारी ग्रामसभा असते त्या रविवारी गावी जायला लागा. संघटना त्यानंतर आपोआप भेटतात.

प्रश्नाचा दुसरा भाग वाचून मात्र राहवले नाही. अशा कामाने काही घडते का, यावर आमच्या घरात कित्येक वर्षे वाद चालू आहे. एका बाजूला मी आहे आणि दुसऱ्या बाजूला माझे धाकटे दीर. भावोजींचे म्हणणे असे की रस्ता अडवल्याशिवाय सरकार हलत नाही आणि अर्ज-निवेदने ही घाबरट माणसांची सोय आहे. माझे म्हणणे असे की जे कागदावर आले नाही ते सरकारच्या लेखी घडलेच नाही.

मी डिचोली तालुक्यातल्या खाणपट्ट्यात राहते आणि तिथल्याच शाळेत शिकवून निवृत्त झाले. ज्या वर्षांत चीनची मागणी वाढली आणि गोव्यातून वर्षाला सुमारे पाच कोटी टन खनिज बाहेर जाऊ लागले, त्या वर्षांत आमच्या गावातल्या एका लीजची, म्हणजे भाडेपट्ट्यावर दिलेल्या खाणीची, क्षमता वाढवण्याचा प्रस्ताव आला. केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे त्यासाठी जनसुनावणी घेणे आवश्यक होते. सुनावणीची जाहिरात किमान तीस दिवस आधी द्यावी लागते आणि ईआयए अहवाल, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल, जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्हा पंचायतीत लोकांना पाहण्यासाठी ठेवावा लागतो. तो जाऊन वाचण्याची तसदी गावात कोणी घेत नव्हते, कारण अहवाल जाडजूड आणि इंग्रजीत असतो, आणि मराठीतला सारांश इतका गुळमुळीत असतो की तो वाचून हरकत घ्यावी असे काही हाती लागत नाही.

मी आणि आमच्या वाड्यावरची एक पदवीधर मुलगी अशा दोघी शाळा सुटल्यावर जाऊन तो अहवाल वाचत असू. त्यातला नकाशा पाहताना तिचे बोट एका तुटक निळ्या रेषेवर थांबले. लीजच्या खालच्या अंगाने जाणारा आमचा व्हाळ, म्हणजे ओढा, तिथे हंगामी नाला म्हणून दाखवला होता. त्या व्हाळाला डोंगरातल्या झरीचे पाणी येते, ते मे महिन्यातही आटत नाही आणि त्याच पाण्यावर खालच्या सखल शेतांत वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचे भातपीक, होते. नाला हंगामी ठरला की त्याचे पाणी कोण वापरतो हा प्रश्नच उरत नाही, आणि खाणीचा खड्डा झरीच्या पातळीखाली गेल्यावर पंप लावून उपसलेले पाणी कुठून येते, हेही कोणी विचारत नाही. अहवालातले बाकीचे शेकडो कागद या एका रेषेवर उभे होते.

मग आम्ही भाषण तयार करण्याऐवजी पुरावा तयार केला. व्हाळाचे भर उन्हाळ्यातले फोटो काढले आणि प्रत्येक फोटोत त्या दिवसाचे वर्तमानपत्र धरले, म्हणजे तारखेविषयी शंका राहू नये. वायंगण करणाऱ्या कुळांचे एक-चौदाचे उतारे, म्हणजे गोव्यातले सातबारा, काढले. त्यासाठी सर्वांत जास्त हिंडावे लागले, कारण निम्म्या उताऱ्यांवर आजोबांचीच नावे होती आणि वारस नोंद झालेली नव्हती. व्हाळावरच्या बांधांची, पाण्याच्या पाळीची आणि ती पाळी कोण ठरवतो याची माहिती म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घेऊन त्यांच्या सह्या घेतल्या. हे सगळे जोडून लेखी हरकत दिली आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतला. पोच नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखेच.

सुनावणीच्या दिवशी मंडपातल्या पुढच्या रांगा बसने आणलेल्या कामगारांनी सकाळीच भरून टाकल्या होत्या. भावोजी आणि त्यांच्या बरोबरच्या मुलांनी घोषणा सुरू केल्या, सुनावणी बेकायदा आहे असे ओरडून सांगितले आणि तासाभराने बहिष्कार घालून ते सगळे निघून गेले. त्यांचा राग खरा होता, पण ते गेल्यावर मंडपात विरोध करणारे मोजकेच उरलो. या सुनावणीला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे विरोधक उठून गेले तरी ती कायद्याने पूर्ण होते. बहिष्कार घालणाऱ्याने हे आधी माहीत करून घ्यायला हवे.

आम्ही बसून राहिलो. आमची पाळी दुपारनंतर आली. मी व्हाळाविषयी वाचले, त्या मुलीने उतारे दाखवले आणि शेवटी एका वृद्ध शेतकरीण बाईंनी आपण लग्न होऊन आल्यापासून त्या पाण्यावर दोन पिके घेत असल्याचे सांगितले. संध्याकाळी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रतिनिधीने कामकाजाचा वृत्तांत वाचायला घेतला तेव्हा त्यात आमच्या तासाभराच्या म्हणण्याचे एकच वाक्य झाले होते: काही ग्रामस्थांनी पाण्याविषयी शंका व्यक्त केली.

मी उभी राहिले आणि हे आमचे म्हणणे नव्हे असे सांगितले. सुनावणीत मांडलेली सर्व मते अचूक नोंदवून तो वृत्तांत त्याच जागी लोकांना त्यांच्या भाषेत समजावून वाचून दाखवावा आणि मान्य झालेल्या वृत्तांतावर जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधीने त्याच दिवशी सही करावी, असे ती अधिसूचनाच सांगते. तिची प्रत माझ्याकडे होती आणि ते कलम मी वाचून दाखवले. अध्यक्षस्थानी असलेले अधिकारी चिडले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. त्यांनी घड्याळ पाहिले, पाणी मागवले आणि लिहिणाऱ्याला पुन्हा लिहायला सांगितले. अंधार पडला, मंडपवाला खुर्च्या उचलू लागला, डोक्यावरच्या दिव्याभोवती किडे जमले, तरी एकेक मुद्दा, व्हाळ बारमाही असल्याचा, उताऱ्यांच्या क्रमांकांचा, झरीच्या जागेचा, आम्ही लिहून घेतला आणि मगच सही होऊ दिली. व्हिडिओ चित्रण चालू आहे ना, हे ती मुलगी मधून मधून जाऊन पाहून येत होती.

खाणीला पर्यावरण दाखला मिळालाच. भावोजींनी तो महिनोन्महिने माझ्यापुढे नाचवला. परंतु त्या दाखल्यात व्हाळापासून ठरावीक अंतराच्या आत उत्खनन करू नये आणि डंपच्या, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगाच्या, पायथ्याशी भिंत बांधून ती माती अडवावी, अशा अटी आल्या. पहिल्या मोठ्या पावसात लाल गाळ शेतांत उतरला तेव्हा प्रथेप्रमाणे नुकसानभरपाईचे पैसे घेऊन गप्प बसण्याऐवजी आम्ही तो दाखला मामलेदारांपुढे ठेवला आणि पैसे नकोत, भिंत हवी असे लिहून दिले. भिंत बांधली गेली. खालच्या शेतांत वायंगण पुन्हा उभे राहिले. मी याला घडणे म्हणते.

भावोजी म्हणतात, “वहिनी, शेवटी खाण बंद केली ती सुप्रीम कोर्टाने. तुमच्या अर्जाला कोणी विचारले?” याचे उत्तर मी आज इथे सविस्तर देते. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला, गोवा फाउंडेशन या पर्यावरण संघटनेने त्या आधारे याचिका केली आणि ५ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यायालयाने खाणकाम थांबवले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने खनिज काढण्यावर वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि सगळ्या लीजांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती, असे ठरवले. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द झाले. हा सारा डोलारा कशावर कोसळला? एका तारखेवर. १९८७ च्या कायद्याने पोर्तुगीज काळात दिलेल्या खाण-परवान्यांच्या लीजा झाल्या, नूतनीकरण वीस वर्षांचेच होते आणि ती वीस वर्षे संपली होती. ती तारीख वर्षानुवर्षे सर्वांसमोर होती. कोणी तरी कागद वाचला, म्हणून ती दिसली.

मानवी हक्क आणि शांतता हे शब्द तुम्ही प्रश्नात वापरले म्हणून त्याविषयीही स्पष्ट सांगते. आमच्या गावात रस्ता अडवला गेला तेव्हा अडलेले ट्रक परक्यांचे नव्हते. ते आमच्याच वाड्यावरच्या लोकांनी बँकेचे कर्ज काढून घेतले होते आणि हप्ता चुकला की त्यांच्या घरी नोटीस येत होती. त्या दिवसानंतर काही वर्षे दोन गट शिगम्याच्या (शिमग्याच्या) मांडावर, म्हणजे गावाच्या उत्सवाच्या जागी, एकत्र आले नाहीत. ज्या मुलांवर गुन्हे नोंदले गेले त्यांना न्यायालयाच्या तारखांना हेलपाटे घालावे लागले आणि त्या काळात त्यांच्यासाठी वकील शोधायला घोषणा शिकवणाऱ्यांपैकी फार थोडे आले. तुमच्याच तालुक्यातल्या सोनशीत एप्रिल २०१७ मध्ये खनिज वाहतुकीच्या धुळीविरुद्ध ट्रक अडवले म्हणून ४५ ग्रामस्थांना अटक झाली, हे तुम्हाला ठाऊक असेलच. धूळ खाणाऱ्यालाच कोठडी मिळाली, हा मानवी हक्कांचाच प्रश्न आहे. म्हणूनच माझे मत असे की ज्याला रस्त्यावर उतरवायचे त्याच्या जामिनाची तयारी आधी झाली पाहिजे, आणि ट्रकवाल्याला शत्रू ठरवून गावात शांतता राहत नाही. त्याच्या ओट्यावर जाऊन बसणे हे आंदोलनाचे काम आहे. आम्ही ते सुरू केले तेव्हा दोन ट्रकमालकांनी व्हाळाच्या अर्जावर सही केली, कारण त्यांची विहीर त्याच पाण्यावर भरत होती.

आता भावोजींच्या बाजूनेही लिहिले पाहिजे, नाहीतर हे उत्तर खोटे ठरेल. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रांपणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणारे पारंपरिक मच्छीमार, रस्त्यावर उतरले नसते तर ट्रॉलरना किनाऱ्यापासून दूर ठेवणारा १९८० चा सागरी मासेमारीचा कायदा झाला नसता. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या भूतखांब पठारावरून नायलॉन ६,६ चा प्रकल्प परत गेला तो अर्जांमुळे नव्हे. त्यासाठी लोक ठाण मांडून बसले आणि जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात निलेश नाईक या तरुणाचा प्राण गेला. सत्तरीतल्या मेळावलीच्या बायका जानेवारी २०२१ मध्ये वाटेत उभ्या राहिल्या म्हणून तिथे होऊ घातलेली आयआयटी हलली. आणि मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी घडल्या: १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदरला लोक रेल्वेच्या रुळांवर होते, तर दुसरीकडे वन्यजीव, जंगल आणि पाणी यांचा अभ्यास करणाऱ्यांची निवेदने सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय सक्षम समितीपुढे जात होती. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे दुपदरीकरणाची मंजुरी रद्द केली. पठारावर यंत्रे येऊन उभी राहिली असतील, तर अर्जाच्या पोचेने ती थांबत नाहीत, तिथे माणसेच लागतात. माझा आग्रह एवढाच आहे की ती वेळ येण्याआधीचे काम कोणी तरी करून ठेवलेले असावे, आणि ते करणाऱ्यांना घाबरट म्हणू नये.

तुमच्या गावात अजून कुजबुजच आहे, म्हणजे वेळ आहे. पठाराचे सर्व्हे क्रमांक पंचायतीतून किंवा तलाठ्याकडून मिळवा आणि त्या क्रमांकांविषयी कोणते प्रस्ताव आले आहेत ते माहिती अधिकाराखाली विचारा; उत्तर देण्यास तीस दिवसांची मुदत असते. ग्रामसभेत ठराव मांडताना तो घरून लिहून न्या आणि इतिवृत्तात जसाच्या तसा उतरला की नाही ते पुढच्या सभेत इतिवृत्त वाचले जाते तेव्हा पाहा. सरकारी नोकरीत असाल तर स्वतः पुढे येण्याआधी आपले सेवानियम वाचा आणि तोवर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या सहीने अर्ज द्या. पर्यावरण दाखला दिला गेलाच, तर हरित न्यायाधिकरणाकडे अपील करण्यास तीस दिवस मिळतात, आणि उशिराचे सबळ कारण दाखवल्यास आणखी साठ. त्यानंतर दार बंद होते. आपल्याकडची प्रकरणे पुण्याच्या खंडपीठाकडे जातात, म्हणून वकील आणि कागद यांची जुळवाजुळव दाखला मिळण्याच्या आधीच सुरू करा.