तो ढग संपेपर्यंत

प्रिय मुला,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा तो ओसरला, कारण त्यात मलाच मी दिसायला लागले. ढगांचे दहाही प्रकार तुला पाठ झालेत, ॲप आभाळाकडे रोखलं की नाव सांगतं, महिनाभर तू रोज न चुकता मान वर करतोयस, आणि तरी ‘काहीच होत नाही’. माझ्यातच काही कमी आहे का, असं विचारतोस. हो, कमी आहे. वेळ कमी आहे. किती वेळ बघतोस ते तू कुठेच लिहिलेलं नाहीस. आकडा सेकंदांतला असणार, पैज लाव.

आभाळ बघणं आधी बंद कर. आभाळ फार मोठं आहे, ते कुणाच्याच डोळ्यांत मावत नाही. एक ढग निवड आणि तो संपेपर्यंत बघ. विरून निळ्यात जाईपर्यंत, किंवा शेजारच्यात मिसळून ओळखू येईनासा होईपर्यंत.

सुरुवात लहान राशिमेघापासून कर, क्युम्युलसपासून. सकाळचं ऊन तापायला लागलं की हे कापसाचे पुंजके दिसायला लागतात. त्यांचं आयुष्य बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत आटपतं, म्हणजे तुझ्या सबबींनाही परवडेल. आधी त्याचा तळ बघ. तो सपाट का, हे कधी मनात आलंय? तापलेल्या जमिनीवरून हवा वर निघते आणि दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होत जाते. एका ठरावीक उंचीवर तिच्यातली वाफ पाणी व्हायला लागते. ती उंची म्हणजेच तो तळ. आजूबाजूच्या सगळ्या पुंजक्यांचे तळ साधारण एकाच पातळीवर असतात, ते यामुळेच. वरची बाजू मात्र फुगत, उकळत असते. मग कधीतरी तळाची ती रेघ पुसट होते, कडा फाटायला लागतात. खालून येणारी हवा थांबली, एवढाच त्याचा अर्थ. आता थोडाच वेळ उरला. आणि नेमकं याच वेळी तू खिशातून फोन काढणार, मला माहीत आहे. काढू नकोस.

ढग तरंगतो असं आपण म्हणतो. खरं तर तो सतत पडत असतो. त्यातला एकेक थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो, सेकंदाला जेमतेम सेंटिमीटरभर खाली सरकतो, आणि खालून वर येणारी हवा त्याला उचलून धरते. पावसाचा एक थेंब व्हायला असे दहा लाखांच्या आसपास थेंब लागतात. किलोमीटरभर लांब, तेवढाच रुंद आणि उंच असा साधा राशिमेघ घेतला, तर त्यात सुमारे ५०० टन पाणी भरतं. हत्तींच्या एका मोठ्या कळपाएवढं वजन तुझ्या डोक्यावरून आवाज न करता जातं आणि तू म्हणतोस काहीच होत नाही!

नावांवर माझा राग नाही. मीही ती हौसेनेच शिकले. पण ती आली कुठून ते बघ. ल्यूक हॉवर्ड औषधांच्या धंद्यातला रसायनतज्ज्ञ होता. १८०२ च्या डिसेंबरात त्याने लंडनमधल्या एका छोट्या मंडळीसमोर ढगांवरचा निबंध वाचला. सिरस म्हणजे केसांची बट, क्युम्युलस म्हणजे रास, स्ट्रॅटस म्हणजे थर. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लामार्क या निसर्गशास्त्रज्ञानेही ढगांची वर्गवारी मांडली होती, ती मागे पडली. हॉवर्डची नावं लॅटिन होती म्हणून टिकली, असं सांगतात. माझं मत जरा वेगळं आहे. त्याची नावं एकमेकांना जोडता येत होती. सिरोक्युम्युलस, सिरोस्ट्रॅटस. एका रूपातून दुसऱ्यात जाणाऱ्या ढगालाही त्याच्याकडे नाव होतं. ढग पालटतो हे त्याने आधी बघितलं आणि मग नाव ठेवलं. तू नावापाशीच थांबतोस.

मीही थांबले होते. माझ्याकडे ढगांचे नऊ हजारांवर फोटो आहेत. त्यातले चाळीस एकाच दुपारचे. आभाळभर ऑल्टोक्युम्युलसची, म्हणजे मधल्या उंचीवरच्या बारीक पुंजक्यांची, चादर होती आणि तिला मधोमध गोल भोक पडलं होतं. अशा चादरीतले थेंब शून्याखाली १५ अंशांवरही पाणीच राहू शकतात, गोठायला त्यांना निमित्त लागतं. विमान आरपार गेलं की तेवढ्या पट्ट्यातली हवा एकदम थंड होते, काही थेंब गोठतात, आणि मग ते बर्फकण आजूबाजूच्या थेंबांचं पाणी ओढून घेत वाढत जातात, जड होऊन खाली ओघळतात. भोक रुंदावत जातं. डोळ्यांसमोर रुंदावतं! तशी संधी मला पुन्हा आली नाही. आणि मी काय केलं, तर लेन्स बदलल्या. चाळीस फोटोंत चाळीस भोकं आहेत, पण ते रुंदावताना मी बघितलेलं नाही. फोटो काढून काय बिघडतं, असं तू विचारलं आहेस. हे बिघडतं.

दुसरी गोष्ट सांगायची नव्हती, पण आता निघालीच आहे. माझा भाचा सहा वर्षांचा होता. एका संध्याकाळी माझा हात ओढून म्हणाला, “मावशी, मेंढ्या पाण्यावर चालल्यात.” मी हात लांब करून अंगठा मेंढ्यांवर धरला. (हे तूही कर. एकेक पुंजका करंगळीपेक्षा बारीक दिसला तर सिरोक्युम्युलस, अंगठ्याएवढा ऑल्टोक्युम्युलस, तीन बोटांहून मोठा स्ट्रॅटोक्युम्युलस. ढग डोक्यावर हवा, क्षितिजाजवळ हे माप फसतं.) आणि त्याला सांगितलं, मेंढ्या नाहीत, ऑल्टोक्युम्युलस आहे. पुढे पाचेक मिनिटं समजावत बसले. तोवर मेंढ्या पाण्यावर पोचल्या होत्या, की वाटेतच विरल्या, कोण जाणे. दोघांनीही बघितलं नाही. त्यानंतर त्याने मला कुठलाच ढग दाखवला नाही. आता तो मोठा आहे, त्याला विचारलं तर आठवतही नाही म्हणतो. मला आठवतं. तरी सांगते, तो ऑल्टोक्युम्युलसच होता. चुकीचं मी काही बोलले नव्हते. लहान मुलांना खरं नाव सांगू नये असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी आजही वाद घालेन. असो.

बहुतेक दिवस नुसतं मळभ असतं, मग काय बघू, ही तुझी तक्रार. मळभातही कडा असते, शोध. सूर्य दुधी काचेआडून दिसल्यासारखा पुसट झाला आणि जमिनीवर सावली पडेनाशी झाली तर तो ऑल्टोस्ट्रॅटस. सावली पडते आहे आणि सूर्याभोवती मोठं कडं आहे, तर वरचा सिरोस्ट्रॅटस, बर्फकणांचा. सूर्य घराच्या वळचणीआड किंवा झाडाआड ठेव, थेट बघू नकोस. कडं कुठल्या बाजूने आधी तुटतं ते बघ आणि ते जाईपर्यंत जागचा हलू नकोस.

एकच अपवाद. राशिमेघ फुगत फुगत मनोऱ्यासारखा वर गेला, माथ्यावर ऐरणीसारखा पसरला आणि गडगडायला लागला, की हे सगळं विसरून घरात जा. ‘गर्जेल तो पडेल काय’ ही म्हण माणसांपुरती ठीक आहे. हा गर्जतोही, पडतोही आणि वीजही टाकतो. याचा शेवट खिडकीतून बघ.

वेळ वाया जातो का, हा तुझा शेवटचा प्रश्न. मी यावर मोठं उत्तर लिहिलं होतं, ते खोडलं. जॉन कॉन्स्टेबल नावाचा चित्रकार १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला नुसतं आभाळ रंगवत होता. त्यातल्या कित्येक चित्रांच्या मागे त्याने तारीख, वेळ आणि वारा लिहून ठेवला आहे. ज्याला आपला वेळ वाया जातोय असं वाटतं तो वाऱ्याची दिशा कशाला लिहील?

तूही लिही. महिनाभर रोज एक ओळ. तारीख, किती वाजता निवडला, वारा कुठून, आणि तो कसा संपला. ‘कसा संपला’ हा रकाना रिकामा असेल तर ती ओळ मी धरणार नाही. महिन्याने कागद पाठव. फोटो पाठवलेस तर मी ते उघडणार नाही.

तुझी,
मावशी